बास्त्यावच्या नाकाचं पाप

कोंसू कुमसाराला बसली, म्हणजे आपली पापं सांगायला बसली, आणि नवऱ्याचंच पाप सांगत सुटली.

"फादर, तो रोज पहाटे भिंतीला पाठ लावून बसतो. एक नाकपुडी दाबतो, दुसरीतनं वारा ओढतो. मग दोनी दाबतो. गाल टरारून फुगतात, कानशिलावरची शीर उभी र्‍हाते, नि मी जात्यावर बसल्या बसल्या बगते, का ह्यो आता जातो का र्‍हातो."

"बाये, तुझं पाप सांग," पडद्याआडून फादर मिनेझिस म्हणाले.

"माजं पाप म्हंजे त्याच्यावर चिडणं. पण चिडायला तोच लावतो ना."

पडदा म्हणजे दोरीवर टाकलेली चादर. तीही कोंसूच्याच घरची. कर्जतला तेव्हा किरिस्तावांची अकरा घरं, सगळी रेल्वेची. देऊळ नव्हतं. महिन्यातून एकदा फादर खालून गाडीनं यायचे, चाळीतल्या रिकाम्या खोलीत टेबलावर मिस्सा, म्हणजे उपासना, व्हायची आणि तिच्या आधी कोपऱ्यात ही चादर टांगली जायची. चादर धुऊन धुऊन इतकी विरली होती की, रांगेतल्या पुढच्या तिघांना आपोआप सगळ्यांची पापं ऐकू यायची. कोंसूच्या मागे उभ्या असलेल्या शेजारच्या मोतीबाईनं पदर तोंडात धरला होता.

"हे नाक दाबणं त्याला शिकवलं कुणी?" फादरनी विचारलं.

"भिवाजीनं. इंजिनांच्या शेडमधला खलाशी. कोंडाण्याचा हाय. लहानपणी तितल्या लेण्यात कोण गोसावी उतरायचा, त्याच्याकडनं शिकला म्हणतो. योग म्हणतात त्याला."

मग फादर थकल्या आवाजात म्हणाले, "श्वास घेणं पाप नव्हे. देवानं मातीचा आदाम केला आणि त्याच्या नाकात श्वास फुंकला."

"मंग दाबू दे नाक?"

"ऐक आधी. नाक दाबून तो मनात काय म्हणतो, ते महत्त्वाचं. ते लोक तिथं आपल्या देवाचं नाव घेतात. तसं काही बास्त्याव म्हणत असेल, तर दुसरा देव मानू नको, ह्या पहिल्या आज्ञेचा भंग झाला. त्याला विचार. नाही तर त्यालाच येऊन सांगू दे. तोवर मी त्याला क्षमा देणार नाही. आणि क्षमा नसेल, तर पास्काच्या सणाला, येशू उठला त्या दिवशी, पवित्र भाकरही नाही."

कोंसू उठून रांगेबाहेर आली. स्वतःचं पाप सांगायचं राहूनच गेलं होतं.

बास्त्याव आगवाला होता. घाटात तेव्हा अजून वीज आली नव्हती. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की, मागून ढकलायला बँकर इंजिन लागायचं, आणि त्या बँकरच्या भट्टीत कोळसा मारायचं काम बास्त्यावचं. पुढचं इंजिन बोगद्यात आपला धूर ओकून जायचं. मागच्याला तो सगळा गिळत वर चढावं लागायचं. माणसं तोंडाला ओलं फडकं बांधून खाली बसायची आणि उजेड दिसेपर्यंत जीव मुठीत धरायची. मागल्या साली मोन्या नावाचा आगवाला त्या काळोखात आडवा झाला तो उठला नाही. त्याला मातीत ठेवताना कोंसूनं बास्त्यावचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की, त्यावर वळ उठले.

रोज दोनदा डोंगराच्या पोटात शिरणाऱ्या माणसाच्या पदरी क्षमा नसणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

पण दुसरी गोष्टही तिला दिसत होती, आणि तिचाच तिला जास्त राग होता. दिवाळीपासून, म्हणजे ह्या नाकाच्या प्रकारापासून, बास्त्यावचा खोकला निम्म्यावर आला होता. आधी तो पहाटे उठून वाटीभर काळं थुंकायचा. आता थुंकी नुसती राखाडी यायची. त्याच्या छातीला कान लावला तर आत पूर्वी शिट्ट्या वाजायच्या, त्या थांबल्या होत्या. नाक दाबू नको म्हणावं तर शिट्ट्या परत येणार. दाब म्हणावं तर सण हातचा जाणार.

घरी येऊन तिनं भाकरी त्याच्या पुढ्यात सरकवली आणि विचारलं, "अवो, नाक दाबून मनात काय म्हणता?"

बास्त्यावनं भाकरी मोडली. "काय नाय."

"काय नाय कसं? फादर इचारतात. नाव घेता का कुणाचं?"

"ते माजं नि माज्या नाकाचं हाय."

"तुमच्या नाकाचा संसार मी चालवते ना? सांगा मंग."

बास्त्याव हसला. ह्या माणसाला लाज वाटली की हसू यायचं, आणि ते हसू बघून कोंसूच्या अंगाची लाही व्हायची. एक वाक्य. एवढ्या मोठ्या पुरुषानं एक वाक्य बोलायचं, की सगळा गुंता सुटला. पण तो बोटांनी कालवण चाटत राहिला.

त्या घरात ह्याच्याआधी एक भांडण चालूच होतं, ते जात्याचं. कर्जतच्या बाजारात पिठाची गिरणी सुरू होऊन वर्ष झालं होतं. तेलाच्या इंजिनाची, फटफट फटफट करणारी. चाळीतल्या सगळ्या बाया तांदळाचे डबे डोक्यावर घेऊन तिथं जायच्या आणि तासाभरात पीठ घेऊन यायच्या. फक्त कोंसूच पहाटे चारला उठून जातं ओढायची. का, तर बास्त्यावला गिरणीच्या पिठाला तेलाचा वास येतो.

"सकाळ-संध्याकाळ कोळशाचा धूर पितात, त्यांना पिठाला वास येतो," ती मोतीबाईला सांगायची. "माजे दंड बग, लोहाराचे झाले."

आणि आपण दळत बसायचं, नि हा समोर भिंतीला टेकून गाल फुगवून बसणार. हाताला हात लावायचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी ती शेडवर डबा घेऊन गेली, तेव्हा मुद्दाम भिवाजीला गाठलं. भिवाजी उंच, वाळक्या अंगाचा. इंजिनाच्या चाकांना तेल घालता घालता तो असा ताठ वाकायचा, जणू कंबरेत बिजागरी होती.

"भिवाजीभावजी, तुमी ह्यांना मनात काय म्हणायला लावता?"

"ॐकार," भिवाजी म्हणाला. "दुसरं काय?"

"नि तो नाय म्हटला तर?"

"तर तो योग नाय, वयनी. तो लोहाराचा भाता. वारा आत, वारा भायेर. त्यानं पोट फुगंल, छाती नाय सुदरायची."

"मारियेचं नाव घेतलं तर?"

भिवाजीनं तेलाची कुपी खाली ठेवली. "तुमचा देव चांगलाच हाय. मी नाय कुटं म्हणतोय. पण विद्या जशी आली तशी द्यावी लागते. आनि बास्त्याव ॐकारच म्हणतो. मला त्यानं सोता सांगितलंय."

कोंसू डबा तिथंच ठेवून निघाली. रुळांवरून चालताना तिला वाटलं, आपण दोन इंजिनांच्या मधल्या डब्यात बसलोय. एक पुढून ओढतंय, एक मागून ढकलतंय, आणि दोघांचाही धूर आपल्याच तोंडावर.

घरी येऊन ती येशूच्या आईच्या, मारियेच्या तसबिरीपुढं उभी राहिली. राखेचा बुधवार दोन दिवसांवर आला होता. चाळीस दिवसांच्या उपासात बाकीच्या बाया मासळी-मटण सोडायच्या. कोंसूनं विचार केला, आपल्याजवळ सोडण्यासारखं काय आहे? गोडधोड कधी नव्हतंच. मग तिला सुचलं. ती म्हणाली, "माय मारिये, ह्यो माणूस नाक सोडीस्तवर मी जात्यावर ओवी म्हणायची नाय. ऐकतीस ना? तोंडातनं अक्षर काडायची नाय."

तिच्या मते हा फार मोठा त्याग होता. तिच्या आईनं तिला दिलेलं तेवढंच होतं. उरणच्या खाडीकाठच्या त्या घरात आई दळायची आणि पोर मांडीवर डोकं ठेवून ऐकायची. आईची ओवी मिठागरांची, होड्यांची. कोंसू लग्न होऊन डोंगराखाली आली, आणि तिच्या ओवीत घाट आला, इंजिन आलं. कुणी शिकवलं नाही. पीठ जसं आपसूक गळतं तशी ती गळायची.

उपासाच्या पहिल्या पहाटे जातं मुक्यानं फिरलं. घर्रर्र, घर्रर्र. समोर बास्त्याव नाकाशी बोट नेऊन बसला होता. बोट तसंच राहिलं.

"गळा बसला का गं?" त्यानं विचारलं.

"बसला."

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अजून बसलाय?"

"उपास हाय."

"ओवीचा कसला उपास? कुटं लिवलाय?"

"माज्या तोंडाचा हाय. ते माजं नि माज्या तोंडाचं."

बास्त्यावनं मान खाली घातली. आठव्या दिवशी त्यानं नुसतं, "येक तरी म्हण," असं म्हटलं, तेही भिंतीकडे बघत. कोंसूला वाटलं, लागला बाण. आता दोन दिवसांत नाक सोडतो. ती मनात खूश झाली आणि जातं जोरात ओढू लागली. तिनं एकदा असंही म्हणून पाहिलं की, "ओवी नाय तर जातं तरी कशाला? देते दळण गिरणीत." त्यावर तो घाईघाईनं म्हणाला, "नको नको. जातं र्‍हाऊ दे." ह्या बोलण्यातही तिला काही कळलं नाही. तिला फक्त राग आला.

घाटाखाली पळस फुलले. गावात शिमग्याचे ढोल वाजले आणि थांबले. महिन्याच्या मिस्सेला बास्त्याव गेला नाही. डोंगर तापू लागला आणि बोगद्यातला धूर जड झाला. बास्त्यावच्या छातीत एक बारीक शिट्टी परत आली. कोंसूनं ती ऐकली, आणि उशी बदलून पाहिली.

सणाला पाच दिवस उरले असताना, झावळ्यांच्या रविवारनंतरच्या मंगळवारी, दुपारी, भिवाजी आणि इंजिनाचा ड्रायव्हर बास्त्यावला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. तो चालत होता, पण पाय त्याचे नव्हते. डोळे लाल, ओठ जांभळे. लांब बोगद्यात अर्ध्यावर तो खाली बसला तो लवंडला. ड्रायव्हरनं त्याचं तोंड इंजिनाच्या पायऱ्यांशी, खालच्या हवेत नेऊन धरलं म्हणून वाचला. डॉक्टरनं आठ दिवस घरी बसवलं होतं. पुढल्या मंगळवारी परत कामावर.

त्याला खाटेवर आडवं केलं. तो खोकला, आणि वाटीत परत काळं पडलं.

भिवाजी दाराशी उभा होता. त्याचेही डोळे भरले होते, पण बोलायचं ते बोललाच. "मन लावून म्हणला नसंल. ॐकारात मन नसलं का श्वास फाटतो."

कोंसूनं वाटी खाली ठेवली. "भावजी, तुमचा ॐकार नि फादरची आज्ञा, दोगं माज्या नवऱ्याच्या छातीवर बसलेत. जरा उठा म्हणावं दोगांना. त्याला श्वास घेऊ दे."

भिवाजी वळला आणि गेला. ड्रायव्हर त्याच्यामागून गेला. घरात दोघंच उरली. कोंसू त्याच्या छातीला तेल चोळू लागली, चिडून, इतकी की बास्त्याव कळवळला.

"हळू गं."

"काय म्हणत होता बोगद्यात? आज तरी सांगा. काय म्हणत होता?"

"आकडे," बास्त्याव म्हणाला.

"काय?"

"येक, दोन, तीन. आकडे म्हणत होतो. आकडे पळतात गं. भ्यालं का भरभर पळतात. वीस व्हायच्या आत श्वास सुटला."

"नि आदी? दिवाळीपास्नं काय म्हणायचा? ॐकार?"

बास्त्याव हसला. तेच ते लाजेचं हसू. मग खोकला आला, आणि खोकल्याच्या शेवटाला तो म्हणाला, "तुजी ओवी."

कोंसूचा तेलाचा हात तसाच राहिला.

"भिवाजीला म्हटलं ॐकार म्हणतो, नायतर त्यानं शिकवलंच नसतं. पण तो काय आमच्या त्वांडात बसंना. आनि समोर तू दळत असायचीस. मंग पयल्या ओळीला श्वास आत घ्यायचा, दुसरीला धरायचा, परत दुसरी म्हणतीस ना तू, तवा हळूहळू सोडायचा. जातं फिरतं तसा. कुटं घाई नाय. तोच आवाज कानात घेऊन तर मी आदीपास्नं घाटात जायचो. बोगदा आला का मनात तुजं जातं फिरवायचो. चार ओव्यात उजेड दिसायचा."

"मंग मी बंद केल्यावर आटवून म्हणायची व्हती. तुमाला काय पाठ नव्हती?"

"म्हणून बगितली. शिळा आवाज पुरत नाय गं. दोन दिस टिकला, मंग माजाच आवाज यायला लागला. नि माजा आवाज भ्यालेला."

कोंसू उठली. चुलीपाशी गेली, परत आली, उगाच तांब्या इकडचा तिकडे ठेवला. "हे सांगायला काय दातखीळ बसली व्हती? फादरला सांगायचं, भिवाजीला सांगायचं, मला तरी सांगायचं."

"शेडवर कळलं असतं तर? बायकोच्या ओवीवर इंजान चालवतो म्हणून हसले असते. नि तुला सांगितलं असतं, तर तू डोक्यावर बसली असतीस."

"नि गिरणीच्या पिठाला वास येतो ते?"

बास्त्यावनं चादर तोंडावर ओढली.

वर्षभर. कोंसूनं स्वतःचे दंड चाचपून पाहिले. वर्षभर ह्या माणसानं एका खोट्या वासासाठी आपल्याला दळायला लावलं. तिला ओरडायचं होतं, पण शेजारी त्याची छाती अशी वर-खाली होत होती, की तिचा आवाज आतच राहिला. आणि त्यातून सगळ्यात मोठा राग तर स्वतःचाच. मारियेला शब्द देऊन बसली होती. नाक सोडीपर्यंत ओवी नाही. आता नाक सोडलं तर तो जातो, आणि नाही सोडलं तर ओवी नाही, ओवी नाही तर तो जातो. असा नवस जगात दुसरं कोणी बोललं असेल का? तसबिरीतली मारिया शांत बघत होती. तिला काय, तिचा नवरा सुतार होता.

सण आला. पण सणाच्या दिवशी फादर आपल्या मोठ्या देवळात अडकलेले. कर्जतला ते दुसऱ्या दिवशी, सोमवारी आले. मंगळवारी बास्त्यावला कामावर जायचं होतं. चादर टांगली गेली. कोंसू पहिली जाऊन बसली. बास्त्याव रांगेत तिसरा, मान खाली घालून, स्वच्छ सदरा घालून उभा होता.

"बाये," फादर म्हणाले, "आज तरी तुझंच पाप सांग."

"आज माजंच हाय, फादर." आणि तिनं सगळं सांगितलं. नवस, मुकं जातं, बोगदा, आकडे. हळू आवाजात सांगितलं, पण चादर ती चादरच.

सांगून झालं तसे फादर पुढे झुकले. मग म्हणाले, "कुठली ओवी ती?"

"इतं म्हणू?"

"म्हण. मला ऐकल्याशिवाय कसं कळणार त्याच्या मनात काय असतं ते."

कोंसूनं घसा साफ केला. चाळीस दिवस बंद असलेला आवाज आधी किरकिरला, मग मोकळा झाला.

"पयला घास जात्याला, नाव तुजं माय मारिये,
घाटात गेला धनी, त्याची वाट गं सावरिये."

रांगेतली कुजबुज थांबली.

"पुढची?" फादर म्हणाले.

"धुराचं गं इंजान, डोंगराच्या पोटी शिरं,
धनी येईस्तवर माजा, जातं गरगरा फिरं."

"आणखी?"

"आनखी काय, असंच. घरचं."

"बाये, चार ओव्यांचा बोगदा आहे. मला चारही ऐकू दे."

कोंसूनं डोळे मिटले.

"सासू माजी बोलते, जशी मिरची वाटणात,
दिवा लावून शोधते, खोट माज्या दळणात."

रांगेत मोतीबाईला ठसका लागला. पडद्याआडून फादरच्या खोकण्याचा आवाज आला, तो खोकलाच होता की काय कोण जाणे.

"चौथी राहू दे. म्हणजे," फादर म्हणाले, "माझ्या माणसानं बोगद्यात श्वास धरला, तो सासूच्या तक्रारीवर."

"त्याचीच आई ती, फादर."

"बाये, मी महिन्यातून एकदा येतो. अकरा घरं. दर वेळी अकरा घरांची पंधरा भांडणं. कुणाची कोंबडी, कुणाचं नाक." ते थांबले. मग त्यांचा आवाज खाली आला. "त्या नवसातून मी तुला सोडवतो. रागाच्या भरात बोललीस, समजून नाही. आणि बास्त्यावला सांग, नाक दाबायला माझी हरकत नाही. मारियेपासून सुरू करावं आणि सासूची ओवी गाळावी. तिसरी दुसरी काही घाल."

"बरं, फादर."

"आणि तुझं प्रायश्चित्त. रोज पहाटे दळायचं. म्हणत दळायचं."

कोंसूनं चादर बाजूला सारून आत डोकावलं. "रोज? फादर, बाजारात गिरणी सुरू झालीय."

"रोज," फादर म्हणाले. "पुढचा."

बास्त्याव पडद्याआड गेला आणि चांगला वेळ लावून बाहेर आला. मिस्सेत त्यानं पवित्र भाकर घेतली तेव्हा कोंसूनं डोळे पुसले, आणि लगेच रांगेतला कुणीतरी तोंडातल्या तोंडात "जातं गरगरा फिरं" म्हणाला, तेव्हा बास्त्यावचे कान लाल झालेलेही पाहिले. संध्याकाळी बातमी शेडवर पोचली होती. भिवाजी दारावरून जाताना थांबला, पण आत आला नाही.

"ओवीवर?" तो उंबऱ्याबाहेरून म्हणाला. "मंग माजी विद्या कुटं गेली?"

"इतंच हाय, भावजी. च्या घ्या."

"नको," भिवाजी म्हणाला, आणि गेला. त्याचा राग उतरायला पाऊस पडावा लागेल, हे कोंसूला दिसत होतं.

मंगळवारी पहाटे ती उठली. जात्यात मूठ घातली. समोर बास्त्याव भिंतीला टेकून, पाय दुमडून, बोट नाकाशी नेऊन वाट बघत बसला होता. शहाण्या पोरासारखा. कोंसूचे दंड दुखत होते. बाजारातली गिरणी अजून झोपली होती. तिची फटफट सूर्य वर आल्यावर सुरू होणार होती, आणि सगळ्या बाया डबे घेऊन हसत तिथं जाणार होत्या.

तिनं पहिली ओळ म्हटली. बास्त्यावनं श्वास आत घेतला. तिनं दुसरी म्हटली. त्यानं धरला.

दुसऱ्या ओळीच्या शेवटाला "सावरिये" येतं. तिथं कोंसू थांबली नाही. तिनं तो शब्द ताणला. जातं हळू केलं, आणखी हळू, आणि शब्द फिरवत ठेवला. वर्षभराचं दळण त्या एका शब्दात घातलं. तेलाचा वास घातला, मुकं हसणं घातलं, आणि मागल्या मंगळवारी दुपारी ती वाटीत काळं बघत होती तेव्हाची ती घटकाही घातली. बास्त्यावचे गाल फुगले. कानशिलावरची शीर उभी राहिली. त्यानं एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं. डोळ्यात विनवणी होती. पण बोट नाकावरून हललं नाही.

धरला त्यानं. आजचा लांब बोगदा जितका लांब असेल, त्याहून थोडा जास्तच धरला.

मग कोंसूनं ओळ सोडली, तीच हळूच परत म्हटली, आणि त्याचा श्वास तिच्यामागून बाहेर आला, स्वच्छ, शिट्टी नसलेला. तिनं पुढचा घास जात्यात घातला.